दारामागची पिन

आमच्या बाहेरच्या खोलीचं दार कधीच पूर्ण उघडलेलं नाही. ढकललं की मागे एका प्लगला जाऊन टेकतं. त्या प्लगमध्ये एक काळी पिन, पिनेची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर, आणि बाहेरच्या भिंतीवर एक राखाडी लोखंडी डबा. डबा केबलवाल्या वायरमामाचा, वीज आमची. केबलमधलं चित्र म्हणे फार लांबून चालत येतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईस्तोवर त्याला धाप लागते. मग हा डबा त्याच्या पाठीत एक थाप मारतो आणि पुढच्या घरांकडे पिटाळतो. मी शाळेत असताना वायरमामानेच हे समजावलं होतं. तेव्हापासून मला डब्याबद्दल आदर आहे आणि दाराबद्दल राग, कारण सायकल आत घेताना दरवेळी हँडल अडकतं.

डब्याला वीज आम्ही द्यायची, बदल्यात आमची केबल फुकट, असा बाबांचा आणि वायरमामाचा करार होता. कागद नाही, सही नाही. दोघांनाही मनातून वाटत होतं की आपण समोरच्याला गुंडाळलं, त्यामुळे करार टिकला.

वायरमामा माझा मामा नव्हे. आईचा सख्खा, चुलत, मानलेला, कुठलाच भाऊ नव्हे. पण मी त्याला मामा म्हणतो, आई मामा म्हणते आणि त्याच्याहून वयाने चांगली मोठी असलेली माझी आत्याही त्याला मामाच म्हणते. खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि अंगकाठी अशी की भेंडोळं कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो ते लांबून कळू नये. गल्लीत त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता, आणि एके काळी त्याला किती भाव होता हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी लोक त्याला घरात बोलावून खुर्चीवर बसवायचे. मॅचच्या मध्येच चित्र गेलं की मात्र तोच मामा मागच्या बोळातून, भिंतीला चिकटून घरी जायचा. स्वतःच्या लग्नात तो पाहुण्यांना सोडून फॉल्ट काढायला गेला होता. मामी ही गोष्ट अजूनही सांगते. आधी हसत हसत सांगायची, आता नुसतीच सांगते.

त्याचं काम गच्चीवर आणि आमचं काम खाली. तो वरून ओरडायचा, "दिसतंय का?" आम्ही खोलीतून ओरडायचो, "मुंग्या!" म्हणजे पडद्यावर नुसते काळे-पांढरे ठिपके. तो वर काहीतरी पिळायचा. "आता?" "मोठ्या मुंग्या!" असं करत करत कधीतरी "दिसतंय!" व्हायचं, आणि आम्ही सगळे पडद्यात घुसायचो. तो जिना उतरून, चपला घालून, पुढच्या गच्चीवर जायचा. त्याने काढलेलं चित्र त्याने स्वतः कधी पाहिलं असेल का, असा विचारही आमच्या डोक्यात आला नाही.

मामाचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर सकाळी गल्लीतल्या दुकानांच्या जाहिराती लागायच्या, ज्यांतली निम्मी दुकानं आता बंद आहेत, आणि दुपारी दोन वाजता एक जुना सिनेमा. कुठला, ते आत्या ठरवायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने सगळी नोकरी कानाला यंत्र लावून केली. लग्न केलं नाही. गुडघे गेल्यापासून आमच्याकडेच असते, खिडकीजवळच्या खुर्चीत. रोज सकाळी ती मामाला फोन लावायची, आणि फोनवर तिचा आवाज लगेच ऑफिसात जाऊन बसायचा.

"मामा, आज काय लावताय?"

"तुम्ही म्हणाल ते."

"काल फार रडवलंत. आज कुणी मरायला नको."

"मग मारामारीचा लावू?"

"त्यात तर ढिगाने मरतात."

"ते व्हिलनचे लोक हो, आत्या."

"असं. मग चालेल."

दिवसभरात आत्या मनापासून वाट पाहते अशी ही एकच गोष्ट. औषधं ती वेळेवर घेते, पण ती त्यांची वाट पाहत नाही.

मग एकेक घर गळायला लागलं. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गच्चीवर छत्री उगवली. छत्री म्हणजे डिश. आमच्याकडे तिला सगळे छत्रीच म्हणतात. मग समोरच्यांकडे उगवली, आणि मग समोरच्यांकडे आहे म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांकडे. पुढे नेटवाले आले. टीव्हीच्या मागे अंगठ्याएवढी काडी खोचायची आणि जगातलं काय हवं ते बघायचं. आमच्या गल्लीत मामाची अखेर सात घरं उरली. ती सातही आमच्या दारामागच्या पिनेवर लटकलेली. आम्ही पिन काढली की डबा बंद, डबा बंद की गल्ली बंद, आणि या एका गल्लीशिवाय आता मामाकडे फारसं काही राहिलंच नव्हतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे चित्र दिवसेंदिवस गोठत, फाटत, निळं पडत चाललं तरी कुणी बोलत नव्हतं.

बोलले ते बाबा. मॅचच्या शेवटच्या ओव्हरमध्ये बॉल हवेत असताना चित्र गोठलं. कॅच घेतला की सुटला हे बाबांना समोरच्या घरातल्या आरडाओरड्यावरून कळलं.

"बास," बाबा म्हणाले. "समोरचा ओरडतो तेव्हा मला कळतं. मी काय त्याच्या गळ्यातून मॅच बघायची? घ्या ती छत्री."

"कुठली?" मी विचारलं.

"तू शिकलास ना? कर तुलना."

माझं शिक्षण घरात एरवी कुणाला आठवत नाही. अशा वेळी मात्र बरोबर वर काढतात.

तर मी तुलना केली. बाजारात तीन पर्याय: लाल कंपनी, निळी कंपनी आणि नेटची काडी. लालमध्ये बाबांचं मॅचचं चॅनल साध्या पॅकमध्ये होतं, पण आईची मालिका वरच्या पॅकमध्ये. निळीत आईची मालिका साध्यात, मॅच वरच्यात. दोन्ही हवं असेल तर 'परिवार पॅक', ज्यात आमच्या परिवारातल्या कुणालाही न कळणाऱ्या भाषांतली चाळीसेक चॅनलं गळ्यात पडत होती. नेटच्या काडीवर सगळं होतं, फक्त आमच्या गल्लीत नेट नव्हतं. शेजाऱ्याकडे ती काडी होती आणि त्याच्या पडद्यावर मी गोल फिरणारं चक्र सोडून काही पाहिलं नव्हतं. दोन्ही कंपन्यांना फोन केले. दोन्हीकडे आधी संगीत लागलं, मग एक दाबा, दोन दाबा, मग परत संगीत. लालवाली मुलगी म्हणाली, "सर, निळीचं चित्र पावसात जातं." निळीवाला म्हणाला, "सर, लालचं चित्र पावसात जातं." छत्री दोघांचीही आभाळाकडेच तोंड करून बसणार होती, तर हे दोघे कुठल्या वेगवेगळ्या पावसाबद्दल बोलत होते देव जाणे.

आत्याचा दोन वाजताचा सिनेमा कुठल्याही पॅकमध्ये नव्हता.

हे मी जेवताना सांगितलं. आत्या ताटातून नजर न काढता म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. मी दोन वाजता भिंत बघेन. भिंत गोठत नाही."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग मला म्हणाले, "जाऊन आधी मामाला सांग. आपण असं पाठीमागून करणारी माणसं नाही." म्हणजे समोरून करायचं होतं, आणि तेही मी.

मामाची कंट्रोल रूम म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत यंत्रांची चळत, त्यांचे हिरवे दिवे, आणि एक पंखा. पंख्याचं तोंड मामाकडे नव्हतं, यंत्रांकडे होतं. मामा भलत्याच वेळी डबा उघडून जेवत होता. जिन्यावरून कुणी चाललं की वरून बारीक धूळ पडायची आणि तो न बघता डब्यावर हात धरायचा.

"मामा, बाबा म्हणतायत डिश घेऊ या."

"घ्या," तो म्हणाला. मी दोन रात्री तयार केलेलं भाषण तिथेच संपलं.

"कुठली घ्यावी ते ठरत नाहीये."

"निळी घ्या."

"का?"

"घ्या म्हटलं ना. बरी आहे."

"आणि गल्लीची लाइन?"

त्याने घास सावकाश चावला. "मी विचारून आलो सगळीकडे. दुसरं कुणी डब्याला वीज देत नाही. टेलरबाई म्हणते, माझी मशीन आणि तुझा डबा एका मीटरवर नको. पोस्टातले आजोबा हो म्हणतात, पण त्यांची सून मागून हाताने नाही म्हणते." तो हसला. "तुमची पिन निघाली की संपलं."

"मग काय करणार तुम्ही?"

"मला ते संपायलाच हवंय रे," तो म्हणाला. पंख्याकडे बघत, ऊन फार आहे म्हणावं तसं. "गुडघे म्हणतात पुरे. मामी म्हणते पुरे. रोज सकाळी ठरवतो, आज बंद करू. मग तुझ्या आत्याचा फोन येतो, आज काय लावताय. आता त्यांना काय सांगू, कुलूप लावतोय?" डब्याचं झाकण त्याने तीनदा बसवलं, ते बसेना. "माझ्या हाताने नाही होणार ते. तुमच्या घरातून कुणी काढली पिन तर बरं होईल. मी इकडे असेन, मला कळणारही नाही कधी गेली."

हे जसंच्या तसं मी घरी सांगितलं. आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. बाबांना त्यातलं एकच खटकलं.

"निळी घ्या म्हणाला? स्वतःचा धंदा बुडवणाऱ्या कंपनीची तारीफ? कुठेतरी पाणी मुरतंय. आपण लाल घेऊ."

माझी सगळी तुलना अशी निकालात निघाली.

लालवाल्यांचा माणूस दुपारी येणार होता. बाबांनी रजा टाकली होती. टीव्हीच्या मागच्या वायरी सोडवून ठेवा म्हणून कंपनीने सांगितलं होतं, त्यामुळे टीव्ही बंद, आणि आत्या खुर्चीत बसून खरोखरच भिंतीकडे बघत होती. सकाळी मात्र तिने फोन केला होता. मामाने विचारलं, शेवटचा म्हणून कुठला लावू? ती म्हणाली, "शेवटचा वगैरे काही नाही. विनोदी लावा."

बेल वाजली. मी दार उघडलं, दार प्लगला टेकलं, आणि उरलेल्या फटीत वायरमामा उभा. बाबा आतून म्हणाले, "मामा, आज नको हो. आज डिशवाला यायचाय."

"आलाय," मामा म्हणाला.

अंगात लाल टीशर्ट, डोक्याला लाल टोपी, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. टीशर्ट त्याला इतका ढगळ होता की आत अजून एक मामा मावला असता. हातात छत्रीचं खोकं. खांद्यावर भेंडोळं मात्र जुनंच.

बाबा दारापर्यंत आले. "तुम्ही... लालमध्ये?"

"दोन्हीकडे. बसवणारी एजन्सी एकच आहे. निळा शर्ट पिशवीत आहे." त्याने पिशवी दाखवली. होता. "यांची ऑर्डर असली की हा घालायचा, त्यांची असली की तो. दोन महिने झाले."

"मग निळी घ्या असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"निळीचा शर्ट सुती आहे," मामा म्हणाला. "हा अंगाला चावतो."

आत्या हसली. गेल्या काही दिवसांत पहिल्यांदा.

मामा गच्चीवर गेला. बऱ्याच वेळाने वरून हाक आली, "दिसतंय का?" आणि आम्ही दोघं बापलेक सवयीने एकदम ओरडलो, "मुंग्या!" खरं तर मुंग्या आता येत नाहीत, नुसतं 'सिग्नल नाही' असं लिहून येतं. त्याने काहीतरी फिरवलं. "आता?" आणि आलं. इतकं स्वच्छ की बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरची पावडर कुठे संपते ते दिसत होतं. बाबा म्हणाले, "वा!" आणि आत्याकडे बघून लगेच गप्प झाले.

मामा खाली आला, कठड्याला धरून, एकेक पायरी. नवीन बॉक्सची वीज मी तात्पुरती इस्त्रीच्या प्लगमधून घेतली होती. ती वायर खोलीभर आडवी पडली होती. "ही अशी नको, कुणीतरी पडेल," तो म्हणाला. टीव्ही दाराच्याच भिंतीला आहे. तो दारामागे वाकला. इतकी वर्षं कुठलाही फॉल्ट आला की मामा पहिल्यांदा हेच करायचा: दारामागे वाकायचं, पिन काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. त्याच्या हाताला ती जागा अंधारातही सापडायची. हाताने काळी पिन काढली. फुंकर मारली. आणि त्या जागी लाल कंपनीच्या बॉक्सची पिन लावली.

"झालं," तो म्हणाला. "रिमोट द्या."

त्याचा फोन वाजला. "बोला बाई. गेलं? आत्ता? मी सिनेमा लावून आलोय बाई, चालू असणार. बघतो, फॉल्ट असेल." तो फोन ठेवतो तोच पुन्हा वाजला. "हो आजोबा. हो. सगळ्यांकडेच गेलंय का? येतो, येतो लगेच." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उजव्या हातात फोन होता म्हणून तो डाव्या हाताने रिमोट घ्यायला गेला, आणि त्याला डाव्या हातातली पिन दिसली.

खोलीत नुसता फोन वाजत राहिला.

"मला वाटलं होतं," मामा पिनेकडे बघत म्हणाला, "ही काढताना काहीतरी होईल. हात थरथरेल, निदान." तो जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून, टोपी मांडीवर. "हाताने मला विचारलंसुद्धा नाही बघा."

बाबा कासावीस झाले. "लावा, लावा परत! मी स्वयंपाकघरातून बोर्ड आणतो, दोन्ही लावू. चुकून निघाली, चुकून निघालेली धरायची नसते."

"नको साहेब. निघाली ती निघाली."

"मामा," आत्या म्हणाली. ऑफिसचा आवाज. "सिनेमा सुरू झालाय ना?"

"झालाय."

"मग तो संपू दे. लोकांचं बोलणं चालू असताना मधेच लाइन तोडायची नसते. मी नोकरीभर तोडली नाही." आणि बाबांना, "बोर्ड आण. केबल पण लाव टीव्हीला. आणि मामा, उठा तिथून. इकडे कोचावर बसा."

बाबांनी बोर्ड आणला, काळी पिन लावली, मी टीव्हीच्या मागे घुसून जुनी केबल जोडली. पडद्यावर मामाचं चॅनल आलं. रंग उडालेले, ओठ आधी हलतायत आणि शब्द मागून येतायत. कोपऱ्यात एका दुकानाची जाहिरात सरकत होती, आणि ते दुकान मी कॉलेजात जायच्या आधीच बंद झालं होतं. मामा कोचाच्या अगदी कडेवर बसला, बोलावणं आलं की उठता येईल असा.

"हे असं दिसतं होय?" तो म्हणाला.

"कसं?" आत्याने विचारलं.

"वाईट आहे हो फार. लोकांनी पैसे कसे दिले याचे?"

"आम्ही नाही दिले," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले.

चित्र गोठलं. मामा अर्धा उठला. आत्या म्हणाली, "बसा. सुटतं ते आपोआप." सुटलं. पुढच्या वेळी गोठलं तेव्हा तो उठला नाही. नट शिडीवरून पडला तेव्हा तो इतक्या जोरात हसला की आम्ही पडद्याऐवजी त्याच्याकडे बघितलं. "हा पडतो हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "मी फक्त सुरू होतोय का बघायचो." कोचाच्या कडेवरून तो हळूहळू मागे सरकला, मग टेकला. मध्यंतराच्या आसपास त्याची मान कलली. झोपला. तोंड उघडं, लाल शर्ट खांद्यावरून घसरलेला, हात मांडीवर उताणे.

आम्ही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. हसलो, पण बेताने. शेवटी पडद्यावर नुसता निळा रंग आला, कारण पुढचं काही लावायला जिन्याखाली कुणी नव्हतं. आत्याने बाबांकडे बघितलं. "काढ आता."

"मी?"

"घरातल्या कुणीतरी काढावी असं म्हणाला होता ना तो."

बाबा बोर्डाशी उकिडवे बसले. बसूनच राहिले. डिश घ्या, डिश घ्या म्हणून घर डोक्यावर घेणारे हेच गृहस्थ. मग त्यांनी पिन काढली, फुंकर मारली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवायला गेले. वायर मागून खिडकीच्या फटीतून येत होती, खिशात कशी जाणार? शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

मामाचा फोन वाजला. तो हलला नाही. आत्याने काठी टेकली, उठली आणि त्याच्या शेजारून फोन उचलला.

"बोला. नाही, ते झोपलेत. फॉल्ट नाही. लाइन बंद झाली आहे. हो, कायमची." तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. "हो, डिशच घ्यावी लागेल. लाल, निळी, तुम्हाला बरी वाटेल ती घ्या. फार चौकशी करत बसू नका, बसवायला हेच येणार आहेत."

पलीकडून टेलरबाई काहीतरी विचारत होत्या. आत्या ऐकत राहिली.

"नाही हो," ती म्हणाली. "लाइन स्वच्छ आहे. तो आवाज त्यांच्या घोरण्याचा."